शनिवारचा नमुना

शनिवारी साडेपाचला वॉर्डबॉयने खिडकीतून आत सरकवली
एक छोटी बाटली. तळाशी पिवळट, घट्ट कफ.
चिठ्ठीवर: घनश्याम लक्ष्मण मांद्रेकर, पुरुष, चौपन्न,
आयसीयू, खाट तीन, व्हेंटिलेटर, दिवस सहावा.
मी रजिस्टरात क्रमांक घातला, बाटली फ्रीजमध्ये ठेवली,
एप्रन खुंटीला अडकवला.
डिचोलीहून नार्व्याला पोचायला उशीर झाला
की पुढच्या फेरीपर्यंत धक्क्यावर डास मारत बसायचं.

बोटीवर दोर टाकायला कुणी नवखा पोर.
दोनदा टाकला, दोनदा पाण्यात.
बोट तिरकी लागली, माझी स्कूटर कलली,
मी ओरडले, आज आबो खंय रे?
इंजिनाच्या धडधडीत त्याला ऐकू गेलं नाही.

रविवारी लॅब बंद.
कपडे धुतले. मुलाचा निबंध लिहून दिला.
दुपारी झोपले, तोंड उघडं टाकून.

सोमवारी प्लेटवर रेघा ओढल्या.
मंगळवारी झाकण उचललं तर
गुलाबी, ओल्या, फुगलेल्या वसाहती.
तारेने स्पर्श केला की सूत निघायचं,
गुळाचा पाक बोटाला ओढावा तसं.
क्लेब्सिएला. नावात कुणा देखण्या बाईचा भास.
मग औषधांच्या टिकल्या मांडल्या,
बुधवारी पट्टी घेऊन मोजत गेले
टिकलीभोवती किती मोकळं राहिलं ते:
सहा. सहा. सहा.
सहा मिलिमीटर ही नुसती टिकलीच,
म्हणजे जंतू तिच्या अंगाला घासून बसलेत.
एकीभोवती सतरा. काठावरचे सतरा.

फोन केला. सिस्टर किटेरिया म्हणाली,
"बाय, तो फेरीबोटीचो आबो न्हय गो?
धक्क्यावरच्या केबिनीत निजलो होतो, मण्यार चावली.
चौथ्या दिवशी पापण्या उघडल्या,
बोट दाबलं माझं, घट्ट.
नळी काढायचीच होती गो.
विष उतरलं, आणि ताप चढला."

सहसा मी वर जात नाही.
त्या दिवशी रिपोर्ट हातात घेऊन जिना चढले.
खाट तीनचा दांडा चवथीपासून मोडलेला;
डोक्याकडच्या पायांखाली जांभ्याचे दोन चिरे,
प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून.
कठड्याला सुतळीने बांधलेला कोनमापक,
कुणाच्या तरी पोराच्या कंपासपेटीतला.
तीस अंश. बरोबर तीस.
तोंड साफ केल्याचा तक्ता पायथ्याशी.
रात्री दोनची खूण आणि चारची खूण
एकाच शाईची, एकाच हाताच्या एकाच झटक्याची.
सहा खाटा, त्या रात्री एकटी बाई.
मी तक्ता बघत होते,
सिस्टर मला बघत होती.
मी काही बोलले नाही.
माझ्या रजिस्टरात शनिवारचा रकाना होता.

त्याचा तळहात वर वळलेला, बोटं अर्धवट मिटलेली,
घट्ट्यांवरची कातडी सोलून पांढरी पडलेली.
एका बोटाला चिमटा, आत लाल दिवा.
मशीन छाती उचलत होतं, खाली ठेवत होतं,
आणि खाली ठेवताना नळीतलं पाणी खुळखुळायचं,
ओहोटीला बोटीच्या तळाखाली वाजतं तसं.
घनश्याम, मी मनात म्हणून पाहिलं.
अकरा वर्षं त्याने माझी स्कूटर
एका हाताने धरून उतरवली,
आणि नाव मला बाटलीवरच्या चिठ्ठीतून कळावं.
तेही चार दिवस फ्रीजशेजारी वावरून.

संध्याकाळी फेरीवर तोच पोर.
दोर पहिल्या झटक्यात खुंट्यावर बसला.
कुणी वाहवा केली नाही.
टोपलीवाली एक बाई माझ्याकडे सरकली,
"तुम्ही दवाखान्यातल्या मगो? आबो कसो आसा?"

मला एक आकडा ठाऊक होता.
मी स्कूटरची किल्ली शोधत राहिले,
ती लावलेलीच होती.